बुवांची उतरती उशी

या, असे जवळ सरका. माझा आवाज आता देवघराच्या उंबऱ्यापलीकडे जात नाही, तेव्हा ऐकायचं तर तुम्हालाच यावं लागेल. कीर्तनकार आधी देवाला नमस्कार करतात आणि मग श्रोत्यांना, मीही करते. सांगणार आहे ते आख्यान कुठल्या राजाचं नाही की ऋषीचं नाही. उशीचं आहे. हसा हवं तर. शेवटपर्यंत हसू टिकलं तर प्रसाद दुप्पट.

रामाच्या नवरात्राचा तिसरा दिवस होता. मंदिरात उन्हं कलती झाली होती, कीर्तनाचा पूर्वरंग संपत आला होता, कीर्तनकार बुवांनी वरचा षड्ज लावला आणि तो लागलाच नाही. मडकं तडकावं तसा आवाज तडकला. आमचे हे पेटीवर होते. बुवांना झेपावं म्हणून त्यांनी सूर उतरवला, नेहमीची काळी दोन सोडून हळूच काळी एक धरली, मग पांढरी एक. सभेला कळलं नाही, मला कळलं, कारण ह्यांच्या कपाळावर घाम आला होता. बुवा हसले, खाकरले, म्हणाले, आज आवाज रामाकडे गेला आहे, अर्थ तेवढा माझ्याकडे ठेवलाय. लोक हसले. कीर्तन कसंबसं पार पडलं.

या गोष्टीला पंचवीस वर्षं झाली. अच्युतबुवा सोनवडेकर सहा वर्षं आमच्या गावी नवरात्राला येत होते आणि उतरत आमच्याकडेच, ओटीवरच्या खोलीत. साठी ओलांडलेले, उंचेपुरे, रुंद खांद्यांचे. मला कीर्तनाचं लहानपणापासून वेड; बुवांचं आख्यान ऐकताना भाजी करपली तरी मला पश्चात्ताप होत नसे.

आता माझी करणी सांगते. पहिल्याच वर्षी मी सूर्योदयाला त्यांच्या खोलीबाहेर पाण्याचा तांब्या ठेवायला गेले, दार अर्धं उघडं होतं. बुवा गादीच्या कडेला भिंतीला टेकून बसलेले, डोळे मिटलेले, हात मांडीवर. बाकी अंथरूण रात्री घातलं तसंच, सुरकुती नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मी जावेला सांगितलं, जावेने विहिरीवर सांगितलं, आणि नवमीपर्यंत गावभर झालं की बुवा रात्रभर नामस्मरण करतात, पाठ टेकत नाहीत. पुढच्या वर्षी मंदिराचे पंच वामनराव यांनी फळ्यावर खडूने लिहिलं, 'निद्राजित अच्युतबुवा'. हार घालताना दर वर्षी हेच नाव पुकारायचं असं ठरून गेलं. बायका सकाळी आमच्याकडे येऊन त्या भिंतीला हळदकुंकू लावू लागल्या. मी तिथे रांगोळी घालत असे. भिंतीपुढे, विचार करा.

आणि दौलत गादीवाल्याने दारू सोडली ती त्याच पहिल्या वर्षी. मंदिरासमोर त्याचं दुकान. कापूस पिंजणारा हात असा की गादी केली तर दहा वर्षं गोळा होऊ नये. पण संध्याकाळ झाली की तो हात बाटलीकडे जायचा आणि मग त्याची बायको आमच्या ओट्यावर येऊन बसायची. त्या नवमीनंतर त्याने बाटली उकिरड्यावर टाकली. कुणी विचारलं तर एवढंच म्हणायचा, बुवांमुळं सुटली. वामनरावांनी त्याचं भाषणच केलं होतं, की बुवा झोप जिंकतात, दौलत बाटली जिंकतो. दौलत तेव्हा खाली मान घालून बसला होता.

तर, त्या वर्षीचा चौथा दिवस. आवाज बसल्यामुळे आदल्या संध्याकाळी गावाने उपचारांचा पाऊस पाडला होता. ज्येष्ठमध, खडीसाखर, मिरी. कुणी पुरणपोळ्या पाठवल्या, कारण बुवा कीर्तनाआधी जेवत नसत आणि नंतर त्यांना पोटभर वाढणं हा यजमानाचा मान. मी स्वतः निजायच्या वेळी तूप घालून पेलाभर दूध दिलं. सकाळी तांब्या घेऊन गेले तर आतून उमाशांचा आवाज. बुवा तस्तावर वाकलेले. ओठ पांढरे, डोळ्यांत पाणी. खोलीत आंबट वास.

मी ह्यांना हाक मारायला वळले तर त्यांनी हात वर करून थांबवलं.

"माई, बसा. कुणाला बोलावू नका."

मी उंबऱ्यातच बसले. त्यांनी चूळ भरली, उपरण्याने तोंड पुसलं आणि माझ्याकडे न बघता सांगितलं. आडवं झालं की पोटातलं आंबट पाणी घशाशी येतं, छातीत निखारा ठेवल्यासारखं होतं. अकरा वर्षं. म्हणून बसून झोपायचं. झोप अशी दीडदोन तासांची, तीही तुकड्यातुकड्यांनी. आता त्या पाण्याने घसा आतून भाजला आहे.

"मग नामस्मरण?" मी विचारलं.

"नाम घेतो की. जळजळ असली की दुसरं काय घेणार?" ते म्हणाले. "पण बसतो तो पोटामुळे, माई. देवामुळे नाही."

मला वाटलं, भिंतच अंगावर आली. त्या भिंतीवरचं कुंकू माझ्यामुळेच होतं.

मग त्यांनी पुढचं सांगितलं. मिरजेच्या एका डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच त्यांना बजावलं होतं की औषध घ्या, रात्रीचं जेवण लवकर आणि हलकं ठेवा, आणि कमरेपासून डोक्यापर्यंत चढत जाणारी उशी घेऊन त्यावर डाव्या कुशीवर झोपा. नाहीतर आवाज कायमचा जाईल. बुवांनी तशी फोमची उशी शहरातून विकत घेतलीही होती.

"कुठे आहे ती?"

"एसटीत विसरलो."

"विसरलात?"

"घरी तसं सांगितलं." ते जरा हसले, मग हसू मावळलं. "ज्या गावात भिंतीची पूजा होते त्या गावात काखेत उशी घेऊन कसा उतरू? माझ्या मानाचं जाऊ द्या. तुमचा तो दौलत. माझ्या बसण्यावर भरवसा ठेवून उभा राहिलाय तो. मी आडवा झालो आणि तो पडला तर?"

नवमीला पाच दिवस होते. नवमीचं जन्माचं कीर्तन म्हणजे आमच्या गावचा श्वास. सकाळी दहाला सुरू होतं आणि बरोबर बाराला, सूर्य माथ्यावर असताना, बुवांच्या उंच सुरावर रामजन्म होतो. तो सूर आला नाही तर पाळणा हलायचा कशावर? आणि तिकडे दौलत, चांगला सावरलेला संसार.

मी आधी माझी अक्कल चालवली. दुपारी त्यांच्या विश्रांतीला तीन उशा एकावर एक रचून दिल्या. मान पुढे मोडली, पोट दुमडलं, आणि अर्ध्या तासात बुवा उठून बसले. म्हणाले, "माई, यापेक्षा भिंत बरी." तेव्हा कळलं की डोकं वर करून भागत नाही, धडच उतारावर हवं. मग पदर खोचला आणि दौलतच्या दुकानात गेले.

दौलत कापसाच्या ढिगात बसून गादीला टाके घालत होता. टोपीत नेहमीसारखी दाभण खोचलेली. मी सांगितलं, सासूबाईंना पित्ताचा त्रास आहे, उतरती उशी हवी. त्याने दोरा दातांनी तोडला आणि विचारू लागला. त्रास जेवल्यावर होतो का पहाटे? कुठल्या कुशीवर झोपायची सवय? खोकला येतो का? मी धडाधडा उत्तरं दिली. त्याने वीत आणि बोटं लावून माप ठरवलं. लांबी दीड हात, म्हणजे कमरेपासून डोक्यापर्यंत. वरच्या टोकाला उंची वीतभराला दोन बोटं कमी. त्याहून जास्त केली तर माणूस रात्रभर घसरत खाली येतो, कमी केली तर पाणी वर चढतं. रुंदी त्याने मला विचारलीच नाही.

"वैनी, उद्याच्याला देतो," एवढंच म्हणाला.

उशी आली ती मऊ, गुबगुबीत, निव्वळ कापसाची. बुवांनी माझ्या हातापाया पडण्यापुढे मान तुकवली आणि तीवर पाठ टेकली. सकाळी पाहते तर कापूस दबून उतार सपाट झालेला आणि बुवा पुन्हा भिंतीला. मी ती पदराखाली लपवून परत नेली. दौलतने तळवा ठेवून दाबून पाहिली, स्वतःशीच म्हणाला की वजन भारी आहे, आणि उसवली. खाली काथ्या घट्ट ठासून भरला, त्यावर चार बोटं कापूस घातला, वर जाडा मांजरपाट शिवला. माझ्या सासूबाई चिमणीएवढ्या. त्या उशीवर तशा तिघी मावल्या असत्या. मला ते तेव्हा दिसलं नाही.

जेवणाचं तर मी नाटकच मांडलं. कीर्तन सुटलं की सूर्य बुडायच्या आत मऊ भात, मुगाचं वरण, बस्स. दूध बंद. घरोघरून येणाऱ्या पोळ्या मी आत घ्यायची, बुवांना आवडल्या म्हणून निरोप पाठवायची आणि मग हे आणि मी त्या संपवायचो. नवमीपर्यंत ह्यांचं धोतर आखूड पडायला लागलं होतं.

सातव्या दिवशी सकाळी ऊन खोलीत आलं तरी बुवांची चाहूल नाही. दार लोटलं. बुवा डाव्या कुशीवर झोपले होते. छाती संथ खालीवर होत होती, एक हात उशीच्या कडेवरून लोंबत होता आणि पायांवर कोवळं ऊन. लहान मूल जत्रेतून दमून आल्यावर झोपतं तसे. घोरतही होते. मी सहा वर्षं बसलेल्या माणसापुढे रांगोळी घातली होती. पण त्या झोपलेल्या माणसापुढे माझे हात आपोआप जोडले गेले आणि किती वेळ तसे राहिले ते मला आठवत नाही. अकरा वर्षांनी पाठ टेकलेला माणूस कसा दिसतो ते मी पाहिलंय. देऊळ उघडण्याआधी गाभारा जसा असतो, तसं वाटलं.

हळदकुंकवाला आलेल्या बायकांना मी दारातून परतवलं, बुवा ध्यानात आहेत म्हणून. तेवढ्यात आतून असं घोरणं आलं की ओटीवरची मांजर उठून गेली. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. दुपारपर्यंत कुजबुज वामनरावांपर्यंत पोचली. ते आले, खुर्चीवर टेकले आणि म्हणाले की आसपासची दहा गावं नवमीला येणार, काही दिसलं-ऐकलं असेल तर ते घरातच राहू द्या, बुवांचं नाव आहे, मंदिराचंही आहे. मला पटलं. मी उशी गोधड्यांखाली ट्रंकेत ठेवून कुलूप लावू लागले, फक्त निजायच्या वेळी काढायची. बुवा हे सगळं बघत होते. आवाज रोज थोडा सुटत होता, वरचा सूर मात्र अजून वाफेसारखा विरत होता. आठव्या दिवशी बुवा एकदाच म्हणाले, "माई, नारदाच्या गादीवर उभं राहून मी खोटं कधी बोललो नाही. पण दर वर्षी उभं राहून ऐकून मात्र घेतलं."

नवमीला सकाळी ट्रंक उघडी होती आणि उशी नव्हती.

मी मंदिराकडे धावले. सभामंडप पायरीपर्यंत भरलेला. वामनराव हार घेऊन उभे. आणि बुवा आले, पगडी, अंगरखा, एका हातात चिपळ्या आणि काखेत ती उशी. मांजरपाटाची, पांढरी, बेढब. मंडपात हसू फुटलं आणि लगेच विझलं. बुवांनी उशी आपल्या पायांशी ठेवली आणि वामनरावांना म्हणाले, हार मग, आधी बाहेरच्या फळ्यावरचा तो शब्द पुसून या. वामनराव हलले नाहीत.

बुवांनी मग सगळं सांगितलं. आजार, आंबट पाणी, एसटीत सोडलेली उशी. शब्द सजवले नाहीत. माझं नाव घेतलं नाही, भिंतीवरच्या कुंकवाचा दोष कुणाला दिला नाही.

"मी निद्रा जिंकली नाही," ते म्हणाले. "मला झोप येत नव्हती. तुम्ही त्याला तप म्हणालात आणि मला ते गोड लागलं. या गादीचा मी अपराधी आहे. ज्याला उठून जावंसं वाटेल त्याने जावं, राम रागावणार नाही."

आणि त्यांनी श्रोत्यांना साष्टांग नमस्कार घातला. पगडी जमिनीला लागली.

कुणी हललं नाही. माझी नजर दौलतवर होती. तो खांबाशी बसला होता, नेहमीच्या जागी. त्याची बायको बायकांत माझ्यापुढेच. तिने पदराचं टोक दातांत धरलं होतं. आणि दौलत उठला.

बुवा उठून उभे राहिले होते, त्यांनीही त्याला पाहिलं आणि डोळे मिटले. दौलत दाराकडे वळला नाही. लोकांमधून वाट काढत कीर्तनाच्या गादीपाशी आला, खाली बसला आणि उशी उलटीपालटी करून पाहू लागला. एका कोपऱ्याची शिवण उसवून काथ्या बाहेर आला होता. बहुतेक बुवांनी घाईत ओढली म्हणून. त्याने टोपीतली दाभण काढली, सदऱ्याच्या खिशातून दोरा काढला आणि भर मंडपात, दहा गावांसमोर, पाच टाके घातले. गाठ मारली. उशी थोपटली, परत बुवांच्या पायांशी ठेवली आणि त्या पायांना हात लावला.

"चालू द्या, बुवा," म्हणाला. "न्हाईतर बाराचा जल्म ऱ्हाऊन जाईल."

ह्यांनी पेटीचा भाता ओढला. काळी एकच धरली, जपून. आख्यान सुरू झालं. मी शेकड्याने कीर्तनं ऐकली आहेत, पण असं नाही. सगळा मंडप त्या आवाजाखाली ओंजळ धरून बसला होता, सांडू नये म्हणून. बाराला पाच कमी असताना ह्यांनी बुवांकडे पाहिलं, बुवांनी दोन बोटं दाखवली. काळी दोन. वामनरावांनी पाळण्याची दोरी धरली. बुवांनी वर पाहिलं, श्वास घेतला, आणि तो सूर आला. पूर्वीइतका भरदार नव्हता. थोडा खरखरीत, कडेला भाजलेला; पण गेला तो सरळ कळसापर्यंत गेला आणि तिथे थांबला. गुलाल उधळायचंही सगळे विसरले. पाळणा आपोआप हलल्यासारखा हलला. माझ्या शेजारची म्हातारी माझा हात इतका घट्ट धरून होती की बांगडी पिचली. मग घंटा, मग फुलं, मग सगळं एकदम.

आरतीनंतर बाहेर आले तर फळ्यावरचा शब्द पुसलेला होता. वामनरावांच्या बाहीला खडू लागला होता.

दौलत दुकानाच्या पायरीवर सुंठवडा खात बसला होता. मी त्याच्यापुढे उभी राहिले आणि कबूल केलं की उशी सासूबाईंची नव्हती.

"ठाव हाय की," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"उशीचं म्हनाल तर तुमी दुकानात आलासा तवापासनं. दुखन्याचं म्हनाल तर सा वरसं झाली."

त्याने बोटं चाटली, हात झटकले. दर वर्षी नवरात्रानंतर आमच्या ओटीवरची गादी तोच पिंजायला न्यायचा, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. म्हणाला, झोपलेल्या माणसाखाली कापूस मधोमध दबतो. त्या गादीचा भिंतीकडचा हातभर तुकडाच दगडासारखा झालेला असायचा, बाकी कापूस कोरा. आणि त्या टोकाला आंबट डाग. त्याच्या बापाला तोच आजार होता.

"मग बुवांमुळे दारू सुटली म्हणतोस, ती कशी?"

"त्येच्यामुळंच," दौलत म्हणाला. "वैनी, साधूला सोपं असतंय, त्येला देव उचलून धरतोय. ह्यो मानूस रातभर जळत बसतोय, आन दुसऱ्या दिवशी उभा ऱ्हाऊन आमाला हसवतोय. कुनाला कळू देत न्हाई. ती गादी पिंजताना रडू आलं मला. त्या सांजंला प्यायचा ईचारच आला न्हाई."

"आणि इतकी वर्षं कुणाला बोलला का नाहीस?"

"त्येनी झाकलं हुतं. मी कशाला उघडू?"

बुवा त्यानंतर नऊ वर्षं आले. एसटीतून उतरायचे ते उशी काखेत घेऊन, आणि दौलत थांब्यावर ती घ्यायला उभा असायचा. दर वर्षी उसवून, नवा कापूस घालून द्यायचा. बुवा गेले तेव्हा त्यांच्या मुलाने उशी आमच्याकडे पाठवली. दौलत त्यानंतर तीन वर्षांनी गेला. बुवांची तसबीर मंदिरात आहे, रोज हार असतो. दौलतची कुठेच नाही; त्याला फोटो काढून घ्यायची लाज वाटायची.

तर एवढंच मागणं आहे. आज अंथरुणावर पडाल, उशी नीट कराल, तेव्हा रामाचं नाव घ्यालच. त्याच्या मागोमाग, डोळा लागायच्या आधी, एकदा दौलत गादीवाल्याचंही घ्या.